घरची छाप

तंबोरा ऑनलाइन विकणं म्हणजे फोटो बघून सोयरीक जुळवणं, असं दस्तगीर उस्ताद म्हणायचे. "रंग दिसतो, उंची दिसते, नक्षी दिसते. तोंड उघडल्यावर काय बोलेल, ते अल्लाला ठाऊक!"

मिरजेत तंतुवाद्यांच्या गल्लीत त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, छताला टांगलेले सोलापूरकडचे भोपळे, भिंतीला टेकवलेल्या लाल तुणीच्या लाकडाच्या फळ्या आणि सरसाचा वास. वर माळ्यावर त्यांची मुलगी तस्लीम बसायची. तिचा नवरा सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायचा. तिनं स्वतः बी.कॉम. करून वडिलांची सगळी विक्री अंगावर घेतली होती. गिऱ्हाईक मिरजेला येऊन, मांडी घालून, दहा तंबोरे छेडून एक उचलायचं, ते दिवस तिच्या लहानपणीच संपले होते. आता गिऱ्हाईक अकोल्याला असायचं नाहीतर ऑस्लोला, आणि तंबोरा खोक्यात बसून जायचा. त्याला ऐकवायचं काय, तर एखाद्या उत्तम तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग. तेच एक रेकॉर्डिंग सगळ्या तंबोऱ्यांच्या फोटोंखाली लावलेलं असायचं. सगळेच तसं करत, त्यामुळे कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं.

मग २०३८ साली ध्वनिछाप आली.

यंत्र दिसायला शिवणयंत्राएवढं. तंबोरा त्याच्यासमोर उभा करायचा आणि तार छेडायची. यंत्रातून लेसरचा किरण निघून भोपळ्यावर, त्याच्या तोंडावरच्या लाकडी तबलीवर, दांडीवर अशा चारशे ठिकाणी पडायचा. लाकूड थरथरलं की परतणाऱ्या किरणाच्या लहरी किंचित पुढेमागे व्हायच्या, आणि त्यावरून लाकूड केसाच्या हजाराव्या भागाइतकं हललं तरी यंत्राला कळायचं. या चारशे थरथरींतून संगणक त्या तंबोऱ्याचं गणिती जुळं भावंड तयार करायचा. गिऱ्हाइकानं आपल्या खोलीत एक टाळी वाजवायची. फोन त्या टाळीच्या घुमण्यावरून खोली मापायचा आणि कानात ते जुळं वाजू लागायचं. आपल्या भिंतींमध्ये, आपल्या फरशीवर, जणू तंबोरा घरी येऊन बसलाय.

पहिली दोन वर्षं सोन्याची गेली. प्रत्येक तंबोऱ्याला स्वतःचा नंबर, स्वतःची छाप. जो ऐकला तोच घरी यायचा. 'सूरपेठ' नावाच्या कंपनीनं जगभरची वाद्यं एका बाजारात आणली आणि दस्तगीर उस्तादांचे तंबोरे तिच्या यादीत वर झळकू लागले. त्यांच्या हाताखालच्या चार कारागिरांना उसंत मिळेना.

मग सूरपेठेनं 'साज' काढला.

तंबोऱ्याची तार कधी एकच सूर देत नाही. षड्ज छेडला की त्याच्या पोटातून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे बारीक उपस्वर निघतात. खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, गंधार ऐकू येतो तो असाच, पाचव्या उपस्वरामुळे. तार ज्या घोडीवरून जाते तिला कानशीनं जेमतेम उतार द्यायचा आणि तारेखाली सुती दोरा सरकवायचा, की हे उपस्वर फुलतात. या कामाला जवारी म्हणतात, आणि ती लावायला अर्धं आयुष्य जातं. साज हेच काम एका बटणात करायचा. खऱ्या तंबोऱ्यात नव्हे, त्याच्या छापेत. लाखो लोकांनी कुठली छाप किती सेकंद ऐकली याची नोंद सूरपेठेकडे होती. कुठला उपस्वर उचलला की माणूस थबकतो, हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं.

"मॅडम, यात खोटं काही नाही," सूरपेठेच्या मृणाल टिपणीस फोनवर म्हणाल्या. त्या विक्रेत्यांशी बोलायच्या, आणि वागायला खरोखर चांगल्या होत्या. "फोटो काढताना आपण उजेड नीट करतोच ना? पंधरा टक्क्यांपर्यंत साज नियमात बसतो. खाली एक ओळ येते, प्रत्यक्ष आवाज किंचित वेगळा असू शकतो म्हणून."

"किती लहान अक्षरात?"

मृणाल हसल्या. "वाचता येईल इतक्या."

तस्लीमनं सहा महिने दम धरला. त्या सहा महिन्यांत तिच्या निर्मळ छापा इतरांच्या साज चढवलेल्या छापांशेजारी अशा वाटायला लागल्या, जशी लग्नघरात कामाच्या साडीतली बाई. आवाज तोच, पण फिका. चौकशा थांबल्या. कारागीर दुपारी बाकावर बसून सुपारी कातरू लागले. एका मंगळवारी तस्लीमनं चहाचा पेला बाजूला ठेवला आणि साज दहा टक्क्यांवर नेला. वडिलांना सांगितलं नाही.

चार महिन्यांत एकतीस तंबोरे गेले. उस्ताद खूश होते. "बघ बेटा, लोकांना कान आले! मी म्हणत होतो ना?"

तस्लीम खाली मान घालून खोक्यांवर पत्ते चिकटवत राहिली.

*

तो आवाजी निरोप आला तेव्हा उस्ताद माळ्यावर चहा प्यायला आले होते. तस्लीमनं सवयीनं बटण दाबलं आणि निरोप सगळ्या माळ्यावर ऐकू गेला.

"नमस्कार जी. मी चंद्रपूरहून देवाजी गेडाम बोलतो. तंबोरा नंबर तेवीस. खोक्याला एक ओरखडा नाही, बांधणाऱ्याला माझा नमस्कार सांगा. एक विचारायचं होतं. फोनवर ऐकला तेव्हा खर्जाच्या तारेतून एक गंधार निघत होता. इतका सुंदर, की मी त्याच्यासाठीच घेतला हा तंबोरा. आता तो मला काही सापडत नाही. चूक तंबोऱ्याची नसणार. मी तीस वर्षं वीज केंद्रात टर्बाइनजवळ काढली, तर माझेच कान गेले असतील. रोज सकाळी दोन तास बसून शोधून राहिलो मी. तीन महिने झाले. कान तयार करायची काही युक्ती असली तर सांगा जी. घाई नाही."

निरोप संपला. खालून रंध्याचा आवाज येत होता.

"तेवीस," उस्ताद म्हणाले. "मला आठवतो तेवीस. भला तंबोरा आहे, पण गंधार त्याचा लाजरा. तेवढा काही निघत नाही. ऐकव बघू छाप."

तस्लीमला नाही म्हणता आलं नाही. उस्तादांनी कानात ऐकायचं यंत्र घातलं, डोळे मिटले, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. बराच वेळ ते ऐकत राहिले.

"हा कुणाचा?"

"तेवीस आहे अब्बा."

"छे! तेवीस माझ्या हातचा आहे. हा ज्यानं केलाय त्याचा हात धरायला पाहिजे जाऊन. मिरजेतला नाही हा. कोण आहे? सांग की!" त्यांच्या चेहऱ्यावर पोरासारखं कुतूहल होतं. पंचेचाळीस वर्षं जवारी लावणारा माणूस, आणि आपल्याहून मोठा कारागीर सापडला म्हणून हरखला होता.

तस्लीमनं सगळं सांगितलं. साज म्हणजे काय, केव्हा चढवला, किती टक्के, किती तंबोऱ्यांना.

उस्तादांनी कानातलं यंत्र काढून मेजावर ठेवलं.  

"तो माणूस," ते म्हणाले, "तीन महिने स्वतःच्या कानाला शिव्या देतोय."

"मी पैसे परत पाठवते अब्बा. आत्ता पाठवते."

"पाठव. पण पैशानं त्याचे कान परत येणार आहेत का? त्याला वाटतंय आपण बहिरे झालो. तसं पत्रात सांगून पटत नाही माणसाला." ते उठले, खाली गेले आणि तिथूनच हाक मारली. "गाडी कधीची आहे बघ. आणि माझ्या कानशी पेपरात गुंडाळून ठेव, पिशवी फाटते."

*

मिरजेहून चंद्रपूर म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. वर्ध्याला गाडी बदलून दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोचली. ऊन असं, की स्टेशनबाहेर उस्तादांनी आधी तोंडाला ओला रुमाल लावला आणि मग हवेत बोटं चोळून म्हणाले, "कोरडी आहे हवा. फार कोरडी. इथं लाकूड आक्रसणार, घोडी बसणार. छाप मिरजेच्या हवेत घेतलेली. हे त्या यंत्राला सांगितलं होतंस का?"

तस्लीमनं नाही म्हणून मान हलवली. छाप म्हणजे त्या दिवसाचा, त्या जागेचा तंबोरा. पुढे त्याचं काय होतं हे कुणी मोजतच नव्हतं.

गेडामांचं घर वीज केंद्राच्या जुन्या वसाहतीपलीकडे होतं. पुढे छोटं अंगण, त्यात एक सीताफळाचं झाड. देवाजी गेडाम दारातच उभे होते. उंच, काटक, वय अडुसष्ट, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. खुद्द कारागीर मिरजेहून येतोय म्हणून त्यांनी शेजारच्या दोघांना सांगूनही ठेवलं होतं.

"या ना जी, या! इतक्या उन्हात!" त्यांनी उस्तादांच्या हातातली पिशवी घेतली. "कौसल्या, पन्हं आण."

कौसल्याबाई पन्ह्याचे पेले घेऊन आल्या, आणि तस्लीमनं पेला हातात घेण्याआधीच सांगून टाकलं. ते पन्हं पिऊन मग सांगणं तिला जमलं नसतं.

"काका, तुमचे कान ठीक आहेत. फोनवर जो गंधार ऐकलात तो ह्या तंबोऱ्यात नव्हताच. मी तो मशीननं वाढवला होता. विक्री व्हावी म्हणून."



"मी सांगून राहिली होती यांना!" कौसल्याबाई एकदम म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी म्हटलं, हा तो नाही. पण ऐकतात काय? म्हणे माझे कान गेले. अहो, टर्बाइनचं बेअरिंग बिघडलं तर घरात जेवता जेवता ओळखणारा माणूस हा! भाकर टाकून पळायचे केंद्रावर. यांचे कान जातील काऊन?"

गेडाम उठले आणि अंगणात गेले. नळाचा आवाज आला.

"रागावले," कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "रागावले की झाडाला पाणी घालतात. पोरीच्या लग्नात मांडववाल्यानं फसवलं तेव्हा ते झाड जवळपास बुडालं होतं. प्या तुम्ही पन्हं."

तस्लीमचा पेला तसाच राहिला. उस्तादांनी मात्र पेला संपवला, दुसरा मागून घेतला आणि कोपऱ्यात गवसणीत ठेवलेला तंबोरा बाहेर काढला. त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं, जसं बाप सासरी नांदणाऱ्या मुलीकडे पाहतो. नीट खातेपिते आहे ना, वाळली तर नाही ना.

पंधरा मिनिटांनी गेडाम आत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

"तीन महिने," ते तस्लीमला म्हणाले. "तीन महिने मी सकाळी उठून स्वतःला म्हणत होतो, देवाजी, झालं तुझं, आता गाणं बिणं विसर. आयुष्यभर ठरवलेलं, रिटायर झालो की गाणं शिकीन. तुला समजते काय बाई, तू काय केलं ते?"

"समजलं काका. तुमचा निरोप ऐकला तेव्हा समजलं. म्हणून आले."

"मग अगोदर काऊन नाही समजलं?"

"समजून घ्यायचं नव्हतं," तस्लीम म्हणाली. खरं होतं ते, म्हणून सांगून टाकलं.

गेडामांनी ओल्या हातांनी चष्मा पुसला. मग ते उस्तादांसमोर खाली बसले. "आणि तुम्ही काय करून राहिले जी?"

"तुमचे कान तपासतोय. डोळे मिटा."

उस्तादांनी खर्ज छेडला. मग तारेखालचा दोरा नखानं किंचित सरकवला, तांदळाच्या दाण्याच्या निम्म्यानं, आणि पुन्हा छेडला.

"वर उघडला," गेडाम डोळे मिटूनच म्हणाले. "पण मधे पोकळ झाला."

पुन्हा सरकवला. पुन्हा छेडला.

"आता भरला. पण कोंडल्यासारखा."

उस्तादांनी या वेळी दोऱ्याला हात लावल्याचं नुसतं सोंग केलं आणि तीच तार तशीच छेडली.

गेडामांच्या कपाळाला आठी पडली. "हे तर तुम्ही काहीच केलं नाही!"

उस्ताद इतके मोठ्यानं हसले की शेजारची दोघं खिडकीशी आली. "तस्लीम, बघितलंस? आमच्या अख्ख्या गल्लीत असे कान दोघांचे. एक मी. दुसऱ्याचं नाव सांगत नाही, तो चढून बसेल. गेडामसाहेब, हे कान घेऊन तुम्ही तीन महिने रडत बसला होतात?"

गेडामांनी डोळे उघडले. आधी त्यांना काय करावं कळेना. मग ते कौसल्याबाईंकडे बघून असे हसले की त्यांचे खांदे हलू लागले, आणि कौसल्याबाईंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं.

मग काम सुरू झालं. उस्तादांनी चारही तारा उतरवल्या, घोडी उन्हाच्या तिरिपेत धरली आणि कानस फिरवली. दोन वेळा, फुंकर. एक वेळ, फुंकर. तार चढवून ऐकायचं, गेडामांकडे बघायचं, गेडामांनी मान डोलवायची नाहीतर नाक मुरडायचं, की पुन्हा तार उतरवायची. चंद्रपूरच्या कोरड्या हवेसाठी, याच खोलीसाठी, याच माणसाच्या पट्टीसाठी ती जवारी लागत होती. तस्लीम दोघांना पाहत बसली होती. चारशे ठिकाणी किरण टाकणाऱ्या यंत्राला या खोलीत काय सापडलं असतं, आणि काय निसटलं असतं, याचा हिशेब तिच्या मनात चालला होता.

चारच्या सुमारास उस्तादांनी शेवटची तार मिळवली आणि तंबोरा गेडामांच्या मांडीवर दिला. "छेडा. हळू. शोधू नका, नुसते बसा."

पंचम, जोड, जोड, खर्ज. पंचम, जोड, जोड, खर्ज. चारही तारांची अशी पाच-सहा आवर्तनं झाली. आणि खर्ज विरता विरता, कुठून आला कळू न देता, एक बारीक गंधार खोलीत उभा राहिला. फोनवर होता तेवढा ठळक नव्हता. पण होता.

गेडामांची बोटं थांबली नाहीत. ते हलकेच म्हणाले, "तो फोनमधला मला बोलवत होता जी. हा माझ्याजवळ येऊन बसला."

*

परत निघण्यापूर्वी तस्लीमनं विचारलं, "काका, याची छाप घेऊ का? इथं, असाच? तुमच्या घरात तीन महिने राहिलेला, नवी जवारी लावलेला. साज नाही, काही नाही. विकला गेला असला तरी मला ती नमुना म्हणून यादीत लावायचीय."

"घे ना. पण यात मी पण ऐकू येईन?"

"खोलीत जे असेल ते येईल. फोनची छाप लेसरइतकी बारीक नसते. पण खोटी नसते."

गेडाम तंबोरा घेऊन बसले. तस्लीमनं फोन समोर धरला. चौथ्या आवर्तनाला स्वयंपाकघरात कुकरची दणदणीत शिट्टी झाली आणि पाठोपाठ कौसल्याबाईंचा आवाज, "दोन झाल्या का तीन जी?"

"तीन," गेडाम न थांबता म्हणाले, आणि सूर लावला.

तस्लीमला हसू आवरेना. "पुन्हा घेऊया?"

"काऊन?" उस्ताद गेडामांच्याच बोलीत म्हणाले. "घरात कुकर लागत नाही का लोकांच्या?"

मिरजेला पोचल्यावर तस्लीमनं पहिलं काम केलं ते उरलेल्या तीस जणांना पत्र लिहिण्याचं. प्रत्येकाला वेगळं. तुमच्या तंबोऱ्याची छाप मी वाढवली होती; मूळ छाप सोबत आहे; तंबोरा परत करा, पूर्ण रक्कम मिळेल, किंवा ठेवा, आणि अब्बा किंवा त्यांचा माणूस तुमच्या घरी येऊन तिथल्या हवेला जुळेल अशी जवारी लावून देईल. परदेशातल्यांना व्हिडिओवर शिकवेल. मग तिनं 'पाठवा'चं बटण दाबलं.

सात तंबोरे परत आले. नागपूरच्या एका बाईंनी असं खरमरीत उत्तर पाठवलं की तस्लीमनं ते छापून माळ्यावर लावून ठेवलं. पण बाकीच्यांनी ठेवले. ऑस्लोच्या एका वादकानं लिहिलं, मला फरक कळलाच नव्हता, आता कळला, आता झोप येत नाही, लवकर शिकवा. उस्तादांनी भाषा येत नसताना त्याला दीड तास जवारी शिकवली, हातवारे आणि "नो, नो, यस!" एवढ्यावर.

मृणाल टिपणिसांचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सगळा साज काढलात. यादीत खाली जाल, मी आधीच सांगते. आणि तेविसाच्या जागी ती... कुकरवाली छाप काय आहे?"

"घरची छाप. गिऱ्हाइकाच्या घरून, तीन महिन्यांनी. नियमात बसत नाही का?"

पलीकडे कळफलक वाजला. मृणाल नियम चाळत होत्या. "छाप प्रत्यक्ष वाद्याची असावी, एवढंच आहे. घर कुणाचं ते लिहिलेलं नाही." मग जरा आवाज उतरवून, "खरं सांगू? मी ती चार वेळा ऐकली. माझी आई अशीच ओरडते, किती शिट्ट्या झाल्या म्हणून."

महिनाभर काहीच झालं नाही. यादीत ते खरंच घसरले, पहिल्या पानावरून नवव्यावर. कारागिरांपैकी एक जण दुसरीकडे जायच्या बेतात होता. तस्लीमनं त्याला थांब म्हटलं नाही. खोटी आशा दाखवायची तिची हिंमत आता नव्हती. पण त्याच आठवड्यात पुण्यातल्या गाण्याच्या एका क्लासमध्ये कुणीतरी ती छाप विद्यार्थ्यांना ऐकवली. "वाद्य दुकानात कसं वाजतं ते विचारू नका, तीन महिन्यांनी घरी कसं वाजतं ते विचारा," असं तिथल्या बाई म्हणाल्या म्हणे. ते वाक्य पसरलं. लोक विक्रेत्यांना विचारू लागले, घरची छाप आहे का? आणि ती आणायची तर साज चढवून भागेना. तंबोराच चांगला लागे, आणि गिऱ्हाईकही अजून राजी असावं लागे.

तस्लीमच्या जुन्या गिऱ्हाइकांनी आपण होऊन छापा पाठवल्या. एकीत कुत्रा भुंकत होता. एकीत बर्फ खरवडल्याचा खर्रखर्र आवाज होता. एकीत कुणाचं तरी बाळ षड्जाला षड्ज मिळवून रडत होतं. ती उस्तादांची लाडकी. पुढच्या वर्षी सूरपेठेनं घरच्या छापेसाठी वेगळी जागाच केली आणि गल्लीतले बाकीचे कारखानदारही उन्हाळ्यात कानशी गुंडाळून दौऱ्यावर जाऊ लागले. उस्तादांचा पहिला मुक्काम दरवर्षी चंद्रपूरला असे. तिथं आता दर बुधवारी गेडामांकडे वसाहतीतले सात-आठ निवृत्त लोक गायला जमत.

तस्लीमनं आणखी एक सवय लावून घेतली होती. प्रत्येक तंबोऱ्याच्या माहितीत गुणांच्या आधी ती त्याचा दोष लिहायची. उस्तादांना हे जड जायचं. "माझ्याच लेकरांची चहाडी!" असं म्हणायचे, पण लिहू द्यायचे. तंबोरा एकशे चाळीसबद्दल तिनं लिहिलं होतं: 'भोपळा डावीकडे जाड आहे. खर्ज लगेच भरत नाही. सकाळी दहा-बारा मिनिटं थांबावं लागतं.'

त्या दुपारी वाईहून वृंदा आगाशे नावाच्या बाईंचा फोन आला. आवाज घोगरा, पण खणखणीत.

"एकशे चाळीस अजून आहे का हो?"

"आहे. पण खर्जाचं वाचलंत ना?"

"तेच वाचून फोन केला. दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाते मी, पण सकाळी आवाज उघडायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं नुसता वारा. घरचा तंबोरा पहिल्या छेडीला भरभरून बोलतो, आणि मला रोज वाटतं, हा माझी वाट बघत ताटकळलाय. मला बरोबर उठणारा हवाय." त्या हसल्या. "आणि हे बघा, तो दोष दुरुस्त बिरुस्त करू नका हं!"

तस्लीम फोन हातात धरूनच जिन्याच्या तोंडाशी धावली. खाली उस्ताद एकशे चाळीस मांडीवर घेऊन बसले होते. तारा उतरवलेल्या, चष्मा नाकावर, कानस घोडीला टेकायच्या बेतात. सकाळपासून ते म्हणत होते, असा आळशी खर्ज माझ्या नावावर बाहेर जाऊ देणार नाही.

"अब्बा, थांबा! कानस खाली ठेवा!"

"का? काय झालं?"

"विकला गेला. दोषासकट! त्या बाईंचा आवाजही सकाळी असाच उशिरा उघडतो."

उस्तादांनी वर पाहिलं, मग मांडीवरच्या भोपळ्याकडे पाहिलं. कानस बाजूला ठेवून त्यांनी त्याच्या जाडसर डाव्या कुशीवर दोन थोपट्या मारल्या.

"चल रे बाबा," ते म्हणाले, "मिळाली तुला तुझ्यासारखी," आणि तारा पुन्हा चढवायला घेतल्या.